लग्नाच्या लुगड्याची वाकळ

आयेनं लुगड्याचा काठ दातांत धरला आणि ती तशीच थांबली.

लुगड्याचं दुसरं टोक माझ्या मुठीत होतं. मी तेव्हा सात वर्षांची. ताणून धर, ढिलं सोडू नको, असं तिनं बजावलं होतं म्हणून अंगठे पांढरे पडेस्तोवर मी ताणून उभी होते. रविवारची सकाळ. कोठीवर, म्हणजे साहेबाच्या मळ्यावर, ऊसतोडीला सुट्टी होती आणि कांपातल्या मजुरांच्या झोपड्यांच्या रांगेत जिकडंतिकडं धुणी वाळत पडली होती. लुगडं हिरवं होतं, काठ तांबडा, रुईफुलाचा. आमच्या अख्ख्या संसारात एवढा रंग दुसऱ्या कशालाच नव्हता.

समोरच्या उंबऱ्यात बायजाकाकी डाळ निवडत बसली होती. कांपातली ती सगळ्यांत वडील. तिनं सूप खाली ठेवलं.

"येशे, जित्या बाईचं लग्नाचं लुगडं फाडू नये गो. ते फाडायला लेकी असतात. आपण गेल्यावर."

ही आमच्या खैरवाडीकडची रीत. आई गेली, तिचं तेरावं झालं, की लेकींनी एकत्र बसायचं, तिचं लग्नाचं लुगडं दातांनी फाडून वाटून घ्यायचं आणि आपापल्या वाकळेच्या मधोमध तो तुकडा शिवायचा. मग आई जन्मभर पाठीखाली राहते. तोवर ते लुगडं गाठोड्याच्या तळाशी. नेसायचं ते सणाला, फाडायचं ते मेल्यावर.

आयेनं दातांतला काठ सोडला.

"मंग माझ्या सासूला कळायचं कसं, की बोलावणं माझंच हाय?"

"कळंल कशानंबी. रीत मोडू नको."

"लुगडं नेणारे धाकूभाऊजी तोंडानं सांगतील की, मी जिती हाय म्हणून. मुकं लुगडं थोडंच चाललंय?"

बायजाकाकीनं सूप पुन्हा उचललं. आयेनं पुन्हा काठ दातांत धरला, मान एका बाजूला झटकली, आणि लुगडं फाटलं. जुन्या कापडाचा आवाज मऊ असतो. हे लुगडं फारसं नेसलेलंच नव्हतं. ते ओरडून फाटलं.

*

मॉरिशसला आम्ही मिरिच म्हणायचो. माझे आईबाप रत्नागिरीकडून पाच वर्षांच्या करारावर उसाच्या कामाला इथं आले. आले तेव्हा मी आयेच्या पोटात होते, आणि माझी थोरली बहीण, सगुणा, तीन वर्षांची होती. जहाज सुटायच्या आठवड्यात सगुणाच्या अंगावर देवी उठल्या. देवीच्या पोराला जहाजावर घेत नाहीत. बाबानं करारावर अंगठा दिलेला, हाती आलेले पैसे घरात खर्चून टाकलेले. आजी म्हणाली, ठेव तिला माझ्यापाशी, पाच वर्षं म्हणजे काय, हाताची पाच बोटं. त्या काळी माणसं पळवून नेणारे मुकादम गावोगाव फिरत. म्हणून निघताना आयेनं सासूला सांगितलं होतं, माझी खूण आल्याबगर पोरीला कुणाच्या हाती देऊ नका. आणि सासू म्हणाली होती, कुणी देव जरी आला तरी देणार नाही.

सगुणाला झोपताना आयेचा पदर मुठीत लागायचा. निघायच्या रात्री तो पदर तिच्या मुठीतून कसा सोडवला, हे आये कधी सांगायची नाही. एवढंच सांगायची की एकेक बोट उघडावं लागलं.

पाच वर्षांची पुढं आठ झाली. मधे पटकीची साथ आली आणि बाबा तीन दिवसांत गेला. पटकीच्या मेलेल्यांना जाळायला लाकूड पुरत नव्हतं, पुरून टाकत. नदीकाठच्या सुरूच्या झाडांखाली त्याला पुरला. आयेनं विचार केला तो असा : समुद्र ओलांडलेली, वर रांडावलेली बाई गावात गेली तर तिला घरात कोण घेणार? इथं निदान हाताला काम आहे, डोक्यावर गवताचं छप्पर आहे. आपण तिकडं जाण्यापेक्षा लेकीला इकडं आणावी. आणि आणायची तर आताच, कारण सगुणा अकराची झाली असणार, अजून वर्षभर थांबलं तर आजी तिचं लग्न उरकून टाकेल.

धाकू गडी आमच्या शेजारच्याच गावचा. करार संपवून तो देशी चालला होता, दोघा भावांना घेऊन वर्षभरात परत येणार होता. येताना सगुणाला आणायचं त्यानं कबूल केलं. राहता राहिली खूण.

आख्खं लुगडं दिलं असतं तर वाटेत कुणीही लांबवलं असतं. वाकळ कोण चोरतो? शिवाय जहाजावर पोरीला पाठीखाली काही हवंच. म्हणून आयेनं वाकळ करायला घेतली. लुगड्याचा पोटातला भाग आत घातला, बाबाचा सदरा, माझी लहानपणीची झबली, तांदळाच्या रिकाम्या गोणींचं कापड, सगळं थरांवर थर. चार कोपऱ्यांवर धोंडे ठेवून ते जमिनीवर ताणलं. आणि वर, बरोब्बर मधोमध, रुईफुलाच्या काठाचा वीतभर चौकोन.

वाकळ कडेकडून शिवत आत आत येतात. पहिला वेढा सगळ्यांत मोठा, मग त्याच्या आत दुसरा, बोटाच्या अंतरानं तिसरा. बाई वाकळेवरच बसलेली असते आणि टाके तिच्या भोवतीनं फिरत तिच्याकडं येत राहतात. आयेचा धावदोरा असा बारीक की बोटानं चाचपला तर मुंग्यांची रांग लागावी. दिवसभर ऊस तोडायचा, आणि उजेड असेतोवर दारात बसून शिवायचं. शिवताना ती हलक्या आवाजात म्हणायची,

धाव दोऱ्या धाव, नको अडू तू गाठीला
सगुणा बाळाच्या रे, जाऊन नीज पाठीला

आणि दोरा संपून नवा ओवायला घेतला, की डोळे बारीक करत,

सुई गं माझी सई, तुझ्या नेढ्यात माझा दोरा
सांग कसा गं दिसतो, माझ्या लेकीचा चेहरा

मला त्या लेकीचा हेवा वाटायचा. मी तिथं समोर बसलेली असायचे, आणि ओवी समुद्रापलीकडं जायची.

धाकू निघायच्या दिवशी आयेनं त्याला दारात उभं करून निरोप पाठ करून घेतला. येसू जिती हाय. रावजी पटकीनं गेला. सगुणाला माझ्याकडं धाडा. तीनच वाक्यं. दहा वेळा म्हणवून घेतली.

धाकू हसून म्हणाला, "वयनी, माझ्या लग्नाच्या मंगलाष्टका मी एवढ्या ध्यान देऊन ऐकल्या नव्हत्या."

"त्या इसरलात तर बायको कुटं जात नाय. हे इसरलात तर माझी लेक जाईल."

"नाय इसरत. देवाच्यान."

त्यानं वाकळ गुंडाळून खांद्यावर टाकली. उसाच्या वाटेनं तो दिसेनासा होईतो आये उभी होती. मग आत येऊन तिनं सगुणासाठी म्हणून एक चटई जमिनीवर अंथरून बघितली, माझ्या चटईशेजारी, आणि गुंडाळून भिंतीशी उभी केली.

*

वर्ष गेलं. बंदरात जहाज लागलं की बातमी कोठीकोठीवर पोचायची. आये मजुरांच्या डेपोत जाऊन आलेल्या माणसाला गाठायची आणि विचारायची, धाकू आला का, धाकूबरोबर एखादी पोरगी उतरली का. दुसरं वर्ष गेलं. भाऊ तयार होत नसतील, ती म्हणायची. तिसरं गेलं. आजी पोर सोडत नसेल. चौथ्या वर्षापासून तिनं कारणं सांगणं सोडलं. चटई मात्र दर रविवारी झटकायची.

तोवर कांपात तिला येसू म्हणणारं बायजाकाकीशिवाय कुणी राहिलं नव्हतं. बिहारचे, तेलंगी, आमचे, सगळ्यांच्या फाटक्याची वाकळ ती शिवून द्यायची. सगळे तिला वाकळकाकी म्हणत. मूल जन्मलं की वाकळकाकीकडं चिंध्यांचं गाठोडं यायचं. कोणी गेलं तरी यायचं.

मी बारा वर्षांची होते. पुन्हा एक रविवार होता. आये दारात बसून कुणाच्या तरी बाळाचं दुपटं शिवत होती. एक बाई कांपात आली. तिशीची, पायांना धूळ, काखेत लहानशी पोटळी. दुसऱ्या कोठीवरून दोन तास चालत आली होती. आपल्याकडची लुगडं नेसायची धाटणी आयेनं लांबूनच ओळखली.

"वाकळकाकी तुमीच का?" बाई म्हणाली. "मी मथुरा. करंजवाडीची. गेल्याच जहाजानं आलो आमी. तुमी रत्नागिरीकडच्या, जुन्या, असं लोकांनी सांगितलं. म्हटलं तुमाला ठाऊक असंल."

करंजवाडी म्हणजे खैरवाडीपासून अर्ध्या दिवसाची वाट. आयेच्या हातातली सुई थांबली. तिनं मथुराला बसायला वाकळ टाकली, मला गूळपाणी आणायला सांगितलं. गावचं माणूस म्हणून नव्हे, कुणी तरी देवच दारात आला असं तिचं तोंड झालं होतं. मी गूळ फोडता फोडता कान देऊन होते. आज चटई उलगडणार, असं माझ्या मनात आलं, आणि पहिल्यांदाच मला हेवा वाटला नाही.

"मला सगुणानं धाडलंय," मथुरा म्हणाली. "आमच्या शेजारच्या घरात दिलीय ती."

म्हणजे लग्न झालं होतं. आयेनं ते गिळलं. हळूच विचारलं, "कशी हाय?"

"चांगली हाय. सोन्यासारखी हाय. तुमी ओळखता तिला?"

आयेचे ओठ उघडले. ती सांगणारच होती. पण मथुरा बोलकी बाई, आणि इतके महिने जहाजात आणि डेपोत कोंडलेलं बोलणं तिच्या तोंडाशी आलेलं. ती म्हणाली, "तिची आई इकडं वारली ना. येसू नावाची. तिची जागा कुटं हाय ते बघायला धाडलंय मला पोरीनं."

मी "ही तर" एवढंच म्हणाले असेन. आयेचा हात माझ्या गुडघ्यावर आला. दाबला नाही, नुसता ठेवला. "हौशे," ती म्हणाली, "पाणी दे मावशीला." मग मथुराकडं वळून, आवाज अजिबात न हलवता, "वारली ते कुणी सांगितलं तिकडं?"

"कुणी सांगायला कशाला पाह्यजे? वाकळ आली की."

मग तिनं सगळं सांगितलं. पाच वर्षांपूर्वी एक परका माणूस खैरवाडीत आला. त्याच्याबरोबरच्या जहाजात धाकू नावाचा गडी होता, तो मधल्या दर्यात तापानं गेला. जाताना गावाचं आणि घराचं नाव तेवढं सांगून ही वाकळ त्याच्या हवाली केली, पुढं जीभ उचलली नाही. त्या माणसानं वाकळ ओट्यावर ठेवली, पाणी प्याला आणि आपल्या गावाला गेला. आजीनं वाकळ उलगडली. मधोमध लग्नाच्या लुगड्याचा काठ. तिनंच तो लग्नात घेतलेला, ओळखायला किती वेळ लागतो? तिनं ओट्यावरच कपाळ बडवून घेतलं.

"जित्या बाईचं लग्नाचं लुगडं कोण फाडतं, काकी? कळलंच सगळ्यांना. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी इकडं रीत पाळली म्हणायची, लेकीचा वाटा धाडला."

समोरच्या उंबऱ्यात त्या दिवशी कुणी नव्हतं. बायजाकाकी नातीकडं गेली होती. आयेनं हातातलं दुपटं उगाच उलटं करून बघितलं.

"मंग?"

"मंग काय, दहावं-तेरावं केलं. सगुणा चार दिवस जेवली नाय. पण खरं सांगू, त्यानंच पोरीचं नशीब उघडलं. आमच्या शेजारचं घर चांगलं, खाऊन-पिऊन सुखी. त्यांच्या मनात पोरगी भरली व्हती. पण पंच म्हणायचे, आई काळ्या पाण्यापलीकडं गेलेली, कुणाच्या हातचं खाते-पिते कुणाला ठाऊक, उद्या ती परत आली तर? वाकळ आली आणि पंच गप झाले. मेलेल्या माणसाला जात नसते म्हणाले. त्याच माघात लग्न लागलं."

"आता सासू नीट वागवते?"

"लेकीवाणी. अन् आता तर काय, पोर झाली सगुणाला. दीड वर्षाची हाय, तुरुतुरु चालते. आईचं नाव ठेवलंय तिनं. येसू."

आमच्यात जित्या माणसाचं नाव पोराला ठेवत नाहीत. ठेवलं तर एकाचं आयुष्य दुसऱ्याला लागतं म्हणतात. मी आयेकडं बघत होते. तिच्या तोंडावर काय उमटलं ते मला आजही सांगता येत नाही. दुःख म्हणावं तर त्यात हसूही होतं. नातीचं नाव ती मनातल्या मनात म्हणून बघत होती, ते नाव तिचं नसल्यासारखं.

"तुमी व्हता का जवळ, ती गेली तवा?" मथुरानं विचारलं.

"व्हते," आये म्हणाली.

"कशानं गेली?"

"पटकीनं. नवरा आधी गेला, मंग ती. एका आठवड्यात दोघं."

"लई हाल झाले का? सगुणा ईचारील मला. मी तिला निरोप धाडनार हाय."

आयेनं थोडा विचार केला. वाकळेचा पुढचा थर कुठल्या कापडाचा घालावा, याचा ती जसा विचार करायची, तसाच.

"हाल नाय झाले. सांगा तिला. सांजेला पडली, सकाळी गेली. पानी मागितलं, ते मीच दिलं. तिचं नाव घेत व्हती. सोडून आले म्हणाली, पण मनानं नाय सोडली. एवढं सांगा."

मथुराच्या डोळ्यांना धार लागली. आयेनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. परकी बाई रडत होती आणि आई तिची समजूत घालत होती.

डोळे पुसून मथुरा म्हणाली, "इकडं मूलबाळ झालं व्हतं का तिला?"

मी आयेच्या मांडीला मांडी लावून बसले होते. आयेनं माझ्याकडं बघितलं नाही.

"नाय," ती म्हणाली. "मूलबाळ नाय झालं."

"अन् ही?"

"ही माझी."

*

मग मथुरानं पोटळी सोडली. आत मूठभर तांदूळ होते, सुकलेलं खोबरं, हळदीकुंकवाची पुडी आणि चोळीचा एक खण. आईची ओटी भरायची राहिली, ती तिच्या जागेवर ठेवून ये, असं सगुणानं सांगितलं होतं. बाबा गेल्याचं तिला कुठून ठाऊक असणार. तिच्या लेखी तिची आई कुंकवानिशी गेली होती. आणि लेकीनं धाडलेलं माघारी कसं न्यायचं, असं मथुरा म्हणाली.

खणाच्या चारी कडा हातानं दुमडून शिवलेल्या होत्या. आयेनं तो हातात घेतला. सवयीनं तिचा अंगठा टाक्यांवरून फिरला, एकदा पुढं, एकदा मागं.

"टाका बारीक हाय पोरीचा," ती म्हणाली. "आजीनं शिकवलं?"

"आजीच्या डोळ्यांला कुटं दिसायचं. त्या वाकळेवरनं शिकली म्हणते. दुपारची वाकळ मांडीवर घ्यायची अन् आईचे टाके बोटानं मोजत बसायची, एका बोटात किती बसतात ते. तसेच घालून बघायची. आता करंजवाडीत तिच्यासारखी वाकळ कुणाची नाय."

आयेनं खण परत पोटळीत ठेवला. बोटं मात्र त्यावरच राहिली. मथुरानं वाट बघितली, मग आपणच हळूच पोटळीची गाठ मारली.

आम्ही तिघी नदीकडं गेलो. सुरूच्या झाडांखाली बाबाची जागा होती, दगड रचून केलेली. आयेनं तीच दाखवली. "दोघं हितंच हायत." मथुरानं लोटीनं नदीचं पाणी आणलं, दगडांवर ओतलं, हळदकुंकू वाहिलं, तांदूळ आणि खोबरं ठेवलं आणि त्यावर खण. मग हात जोडून ती बोलू लागली. येसूबाय, लेकीनं धाडलंय, गोड मानून घ्या, लेकीच्या घराकडं लक्ष ठेवा.

आये माझ्याशेजारी उभी होती, हात जोडून, स्वतःच्याच जागेपुढं. आपल्याला कुणी हाक मारली की माणूस जरा तरी वळतं. ती वळली नाही.

मथुरा तिथूनच आपल्या कोठीच्या वाटेला लागली. ती उसाच्या आड गेली तशी मी वाकून खण उचलायला गेले. माझ्या बहिणीच्या हाताचं तेवढंच एक मी बघितलं होतं.

"ऱ्हाऊ दे," आये म्हणाली. "मेलेल्या बाईची ओटी उचलू नये."

मग मात्र माझा बांध फुटला. मी तिला काय काय बोलले. खोटारडी म्हणाले. लेक परत मिळत होती, नुसतं तोंड उघडायचं होतं. आणि मला का नाही म्हणालीस? मी कुणाची? सगळं आयुष्य त्या सगुणाच्या नावाच्या ओव्या म्हणालीस, आणि माझं नाव घ्यायची वेळ आली तर मूलबाळ नाही म्हणालीस?

ती खाली बसली, सुरूच्या सुयांवर. मलाही ओढून बसवलं.

"हौशे, मी जिती हाय म्हटलं असतं तर काय झालं असतं? पंच पुन्यांदा बसले असते. तिच्या पोरीचं नाव बदललं असतं. सासूच्या तोंडावरचं हसू गेलं असतं. अन् मी जाऊ शकनार व्हते का तिच्याकडं? ती येऊ शकनार व्हती का, लेक टाकून? तिनं मला एकदा रडून घेतलंय. आता तिला पोर हाय, घर हाय. पुन्यांदा कशाला उकलायचं?"

"अन् मी?"

नदीचं पाणी ओंजळीत घेऊन तिनं तोंड धुतलं.

"तुजं नाव सांगितलं असतं तर ती तुजी वाट बघत बसली असती. पाठची भैन हाय मिरिचला, आज येईल, उद्या येईल. वाट बघणं काय असतं ते मी नऊ वर्षं बघितलं. धाकूभाऊजी गेल्यापासून तर जहाजागणिक बघितलं. शिवण उसवली तर घालता येते गो, हे उसवत बी नाय, तुटत बी नाय. ते माझ्या लेकीच्या नशिबी नको. दोघींच्याबी नको."

"तेरा," मी हुंदका देत म्हणाले. तिला हिशेब कधी जमायचा नाही. "तेरा वर्षं झाली, आये."

"तेरा," ती म्हणाली.

घरी येऊन तिनं ते दुपटं पुन्हा मांडीवर घेतलं आणि उजेड जाईतो शिवत राहिली. बायजाकाकी परतली तशी तिच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं. बायजाकाकीनं डोक्यावरचा पदर तोंडात कोंबला आणि आत निघून गेली. त्यानंतर आमच्या घरात सगुणाचं नाव निघालं नाही. आये शिवायची, पण मुक्यानं.

*

मथुरा आम्हांला पुन्हा भेटली नाही. तिची कोठी बदलली असं कळलं. तिनं निरोप धाडला असेल तर तो पोचला असेल, आणि सगुणानं तो ऐकला असेल : हाल झाले नाहीत, पाणी मिळालं, नाव घेत होती.

आये त्यानंतर अठरा वर्षं जगली. माझं लग्न तिनं केलं, माझी तीन बाळंतपणं तिनं केली. माझ्या पहिल्या लेकीचं नाव काय ठेवायचं म्हणून मी विचारलं, तेव्हा सगुणा ठेव, असं ती रीत मोडूनही म्हणेल या भीतीनं मी आधीच दुसरं नाव ठरवून टाकलं होतं. तिनं काहीच सुचवलं नाही. चांगलं आहे, म्हणाली.

ती गेली ती चार दिवसांच्या तापानं, माझ्या मांडीवर. पाणी मागितलं, ते मी दिलं. शेवटी शेवटी तिची बोटं पांघरुणावरून चाचपत होती, टाके मोजल्यासारखी, आणि ती नाव घेत होती. माझं नव्हे. मी राग धरला नाही.

तिसऱ्या दिवशी कांपातले गुरुजी आले. आमच्या पोरांना ते मराठी अक्षरं शिकवायचे, आणि कोणी गेलं की देशी पत्र लिहून द्यायचं काम त्यांच्याकडंच असायचं. कागद, दौत, टाक सगळं घेऊन ओट्यावर बसले. मोठ्या आवाजात, बहिऱ्या माणसाला विचारावं तसं, त्यांनी विचारलं, "हौसाबाई, वाकळकाकींच्या गावी कुणी असेल ना? नाव सांगा. आज लिहिलं तर पुढच्या जहाजाला पडेल."

त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि माझ्याकडं बघितलं.

"नका लिहू, गुरुजी," मी म्हणाले. "तिकडं तिचं सगळं करून झालंय."